आमचें मिशन कोठें आहे?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गांत आपल्या प्रांतांतील जुन्या शाळांच्या आरंभाची हकीकत चालली होती. बाहेर धुक्यानें मैदान दिसेनासें झालें होतें. तास संपत आला असतां मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मिशन आतां बंद झालें ना?"

प्रश्न खोडसाळपणाचा नव्हता. मिशनचा बंगला, मिशनचा दवाखाना, मिशनची विहीर, मिशनची नोकरी हे शब्द त्यानें आपल्या आजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकले होते. परदेशीय मिशनरी केव्हांच आपल्या देशीं परत गेले. जुन्या बंगल्यांच्या कौलांवर शेवाळ चढलें. तेव्हां मिशन संपलें, असा त्याचा सरळ हिशेब. मीं चार वाक्यांत कांहींतरी उत्तर दिलें आणि घंटा झाली. परंतु घरीं जातांना तें उत्तर माझें मलाच पटेना. तेंच उत्तर पुन्हां एकदां, सावकाशपणें, द्यावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

शब्दापासून आरंभ करूं. मिशन हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ 'पाठविणें' असा आहे. आपल्या मराठी शास्त्रांत प्रभूनें निवडलेल्या बारा जणांस 'प्रेषित' म्हटलें आहे. प्रेषित म्हणजेही पाठविलेला. मूळ शब्दांत बंगला नाहीं, विहीर नाहीं, पगारपत्रक नाहीं. एक पाठविणारा व एक पाठविलेला, एवढेंच आहे. आपल्या घरगुती भाषेंत ह्या अर्थाच्या अगदीं जवळचा एक शब्द आहे, तो म्हणजे पाठवणी. लग्न आटोपल्यावर मुलीची पाठवणी होते. सासरीं गेल्यावर ती आईबापांच्या गुणांचें व्याख्यान देत बसत नाहीं. ती घर सांवरते, दारीं आलेल्यास पाणी देते, आजारी माणसाच्या उशाशीं जागते, आणि चार महिन्यांत शेजारीपाजारी म्हणूं लागतात, "माहेरचें वळण चांगलें दिसतें." माहेराचें नांव तिच्या तोंडावाटे नव्हे, तर हातांवाटे कळतें. ख्रिस्ती मनुष्य ह्या जगांत पाठविलेला आहे तो ह्याच अर्थानें, असें मला वाटतें.

ही गोष्ट आम्ही मराठी ख्रिस्ती लोक मध्यंतरीं विसरलों. मिशन म्हणजे धनी व आपण त्याचे चाकर, अशी आमची समजूत होऊन बसली. जो मिशनच्या पगारावर तो प्रभूचा सेवक, आणि जो आगगाडीच्या कचेरींत, शेतांत किंवा दुकानांत तो केवळ पोटार्थी, असे दोन वर्ग आम्हीं मनांत पाडले. ह्या समजुतीवर आमच्याच एका थोर पुरुषानें स्वतःच्या उदाहरणानें आघात केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा सन १८९५ मध्यें मुंबईस झाला, व पुढें वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें. सन १९१७ मध्यें, आयुष्याचीं दोनच वर्षें उरलीं असतां, त्यांनीं पगारी काम सोडलें, साताऱ्यास बिऱ्हाड केलें व 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस त्या दरबारांत जागा होती. पाठविणारा देव आहे, पगार देणारी मंडळी नव्हे, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. आणि तुकोबा तर आमच्या इंद्रायणीचे. लोणावळ्याजवळच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी मावळ ओलांडून देहूस जाते. तुकोबांचें घराणें व्यापार व सावकारी करणारें होतें. दुष्काळानंतर त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. भक्ति दुकानाच्या वहींत उतरली म्हणजे काय होतें, हें समजण्यास आम्हां मावळकरांना दूरचा दाखला शोधावयास नको.

आमच्याच पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस केडगांव आहे. पंडिता रमाबाईंनीं सन १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें. सन १८९६ च्या दुष्काळानंतर मध्यप्रांतांतून आणलेल्या विधवा व अनाथ मुली ह्यांच्यासाठीं त्यांनीं केडगांवास मुक्तिसदन वसविलें. तेथें प्रार्थना होती, आणि प्रार्थनेच्या शेजारींच शेत, माग आणि छापखाना होता. रमाबाईंनीं शास्त्राचें सोप्या मराठींत स्वतः भाषांतर केलें, आणि तेथील स्त्रियांनीं खिळे जुळवून तें तेथेंच छापलें. सन १९२२ मध्यें रमाबाई वारल्या. ग्रंथ दोन वर्षांनीं बाहेर पडला. आज आपण त्यास रमाबाईंचें बायबल म्हणतों, तें योग्यच आहे. परंतु उलटा बसलेला एखादा खिळा उपसून तो सरळ बसविणारी जी कोणी अनाम मुलगी त्या छापखान्यांत असेल, तिचें मिशन रमाबाईंच्या मिशनाहून निराळें होतें काय?

हें सर्व मी कित्येक वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. तरी तें मला खरोखर समजलें नव्हतें, ही जाणीव मला एका माजी विद्यार्थ्यानें करून दिली. त्यांत माझी चूक आहे; म्हणून ती हकीकत मोकळेपणानें सांगतों.

लोणावळ्याचा रविवार इतर गांवांच्या रविवारासारखा नाहीं. मुंबईपुण्याचे लोक त्या दिवशीं विश्रांतीसाठीं येथें येतात, आणि म्हणूनच येथील माणसांस त्या दिवशीं विश्रांति नसते. पावसाळ्यांत भुशी धरणाच्या वाटेवर मुंगीस शिरावयास जागा राहत नाहीं. चिक्कीच्या दुकानांतील नोकर, हॉटेलांतील वाढपी, मोटारींचे चालक, रस्त्याच्या कडेला कणसें भाजणाऱ्या बाया, ह्या सर्वांच्या आठवड्याची मिळकत त्या दीड दिवसावर अवलंबून असते.

माझा हा विद्यार्थी दहावीनंतर एका हॉटेलांत भांडीं घासण्याच्या कामास लागला. शाळेंत असतांना तो रविवारच्या उपासनेस पहिल्या रांगेंत बसून गात असे. त्याचा आवाज गोड होता. पुढें तो दिसेनासा झाला. नाताळच्या पहांटेच्या उपासनेस मात्र तो आला. मंदिराच्या दाराशीं, चार माणसांसमोर, मीं त्यास म्हटलें, "काय रे, पैशापुढें देव विसरलास वाटतें?" तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, रविवार सुटत नाहीं." "सुटत नाहीं, कीं सोडवत नाहीं?" असें म्हणून मी पुढें गेलों. त्या वेळीं मला माझें वाक्य मोठें चतुर वाटलें.

पांचसहा महिन्यांनीं एका रविवारीं रात्रीं घरीं आलेल्या पाहुण्यांस घेऊन मी त्याच हॉटेलांत जेवावयास गेलों. हात धुण्यासाठीं मागील बाजूस वळलों तों अर्धवट उघड्या दारांतून मोरी दिसली. खरकट्या ताटांचे ढीग, कढत पाण्याची वाफ, आणि त्यांच्या मागें हा मुलगा. त्याच्या शेजारीं एक नवा पोर उभा होता. तो परप्रांतांतून नुकताच आलेला असावा. त्याच्या हातून पेल्यांचें तबक पडून सर्वत्र कांच पसरली होती, आणि वरचा माणूस त्याच्यावर ओरडत होता. माझा विद्यार्थी ओल्या हातांनींच पुढें झाला व म्हणाला, "साहेब, तो नवीन आहे. नुकसानीचे पैसे माझ्या पगारांतून कापा." मग त्यानें खालीं बसून त्या पोराच्या तळव्यांत रुतलेली कांच काढली, जखमेवर चिंधी बांधली, आणि त्याच्या वांट्याचीं ताटें आपल्याकडे ओढून घेतलीं. त्यानें मला पाहिलें नाहीं. मी हात न धुतांच परत फिरलों.

शेवटच्या भोजनाच्या रात्रीं प्रभूनें कमरेस रुमाल बांधला व शिष्यांचे पाय धुतले. ती गोष्ट मीं कितीदां शिकविली असेल! पण तो रुमाल मला त्या मोरींत प्रथम दिसला. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाच्या घरीं जाऊन मीं त्याची क्षमा मागितली. तो ओशाळला. म्हणाला, "सर, असें नका म्हणूं. तुमच्या बोलण्याचें मला कांहीं वाटलें नाहीं. रविवारीं गाणीं कानांवर पडत नाहींत, त्याचें मात्र वाटतें."

विद्यार्थी मित्रहो, ह्या एका वाक्यांत दोन गोष्टी आहेत, आणि त्यांतील एक सांगून दुसरी गाळणें हा अप्रामाणिकपणा होईल.

पहिली गोष्ट ही कीं, त्या मुलाचें मिशन त्या मोरींतच होतें. सतराव्या शतकांत पॅरिस शहरांतील एका मठांत ब्रदर लॉरेन्स नांवाचा एक साधु स्वयंपाकघरांत काम करीत असे. भांड्यांच्या खडखडाटांत आपण देवाच्या तितकेच समीप असतों, जितके प्रार्थनेच्या वेळीं, असा त्याचा अनुभव होता, आणि त्यासाठींच तो आज जगभर ओळखला जातो. प्रेषित पौल करिंथांत तंबू करण्याचा धंदा करून राहत असे. आणि स्वतः प्रभूचें उपदेशाचें काम सुमारें तीन वर्षांचें. त्याआधींचें बहुतेक आयुष्य त्यानें नासरेथांत सुताराच्या घरीं काढलें. तीं वर्षें व्यर्थ गेलीं असें म्हणण्याचें धाडस कोण करील?

आपला घाटही हाच धडा शिकवितो. भोरघाटांतील आगगाडीचा रस्ता सन १८५६ मध्यें सुरू होऊन सन १८६३ मध्यें पुरा झाला. पावणेसोळा मैलांत तो १,८३१ फूट चढे, व त्यावर २५ बोगदे होते. सन १८६१ मध्यें ४२,००० हून अधिक मजूर त्यावर खपत होते. पटकी व तापानें हजारों मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा सन १८५९ मध्यें येथें आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या विधवेनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, हातचें काम टाकून स्वदेशीं न जातां जाणत्या इंजिनियरांच्या साहाय्यानें तें तडीस नेलें. तिचें नांव इतिहासांत राहिलें. मजुरांचीं नांवें राहिलीं नाहींत. आजही पुष्कळ गाड्यांस कर्जतेस मागून जादा इंजिनें जोडतात. तीं घाटभर गाडीस खालून रेटतात, आणि चढ संपतांच सुटून निमूटपणें परत जातात. गाडींतील उतारूंस त्यांची आठवणही राहत नाहीं. पाठविलेल्या माणसाचें काम बहुधा असेंच मागून रेटण्याचें असतें.

कार्ल्याच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे दानलेख कोरलेले आहेत. त्यांत श्रेष्ठी आहेत, यवन आहेत, आणि धेनुकाकट गांवचा सामी नांवाचा एक सुतारही आहे. दाराचें काम त्यानें केलें, असें तो लेख सांगतो. तें चैत्यगृह बौद्धांचें आहे, आमचें नव्हे. परंतु जो नासरेथच्या सुतारास प्रभु म्हणतो, त्यानें त्या दारांतून जातांना मनांतल्या मनांत सामीस नमस्कार करण्यास हरकत नसावी.

आतां दुसरी गोष्ट. ब्रदर लॉरेन्स भांडीं घाशी तें मठांत; उपासनेची घंटा त्याच्या कानांवर पडे. आमच्या मुलाच्या कानांवर ती पडत नाहीं. "तुझें काम हीच तुझी उपासना" असें म्हणून त्याची बोळवण करणें फार सोपें आहे. मालकासही तें सोयीचें आणि मंडळीसही. पण मोशेच्या शास्त्रांत शब्बाथाची आज्ञा दिली आहे ती केवळ घरधन्यासाठीं नाहीं. तींत दास, दासी, गुरेंढोरें, इतकेंच नव्हे तर वेशीच्या आंत राहणारा परका, ह्या सर्वांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं जे आज दुकानांचे व हॉटेलांचे मालक आहेत त्यांस माझी नम्र विनंती आहे कीं, नोकरांस आठवड्यांतून एक पुरा दिवस मोकळा देणें व मोडलेल्या पेल्यांसाठीं त्यांचा पगार न कापणें, हें तुमचें मिशन आहे. त्यासाठीं तुम्हांला ख्रिस्ती असण्याचीही गरज नाहीं. आणि मंडळीस विनंती अशी कीं, ज्या गांवीं रविवार हा कामाचा दिवस आहे, त्या गांवीं आठवड्यांत आणखी एक उपासना कां असूं नये? मंगळवारीं रात्रीं हॉटेलांत वर्दळ कमी असते. शब्बाथ मनुष्यासाठीं झाला, असेंच प्रभूनें शिकविलें ना?

येथें एक शंका निघेल. सगळेंच मिशन, तर मग शुभवर्तमान सांगावयाचें तें कोणीं? आणि ह्याच्या उलट दुसरी एक शंका आमच्या शेजाऱ्यांच्या मनांत असते, ती बहुधा कोणी उघड बोलत नाहीं : ही सेवा म्हणजे गळाला लावलेलें आमिष तर नव्हे? दोहोंचें उत्तर मी एकत्रच देतों. ह्या शाळेंत हिंदु, मुसलमान, बौद्ध, जैन व ख्रिस्ती मुलें एका बांकावर बसतात, आणि त्या सर्वांच्या आईबापांनीं विश्वासानें तीं आमच्या हातीं दिलीं आहेत. ज्या सेवेच्या पोटांत आमिष दडलें आहे, ती सेवा नव्हे, ती शिकार आहे. प्रभूच्या दृष्टांतांतील चांगल्या शोमरोन्यानें जखमी माणसास त्याचा धर्म विचारला नाहीं. तो बरा व्हावा म्हणून उतारशाळेंत पैसे भरले, आणि त्याजकडून कांहीं वदवून न घेतां तो आपल्या वाटेस लागला. मात्र "तूं हें कां करितोस?" असें कोणी आपण होऊन विचारलें, तर खरें उत्तर देण्यास लाजूंही नये. न विचारतां सांगण्याची घाई आणि विचारल्यावर गप्प बसण्याची भीति, हे दोन्ही अविश्वासाचेच प्रकार आहेत.

तुम्हीं कोठें आरंभ करावा? मावळांत कामाची वाण नाहीं. द्रुतगति महामार्ग सन २००२ मध्यें पुरा झाला तेव्हांपासून येथील जमिनीस सोन्याचा भाव आला आहे, आणि जेथें तांदूळ पिकत असे तेथें बंगले उठत आहेत. शेजारच्या आजोबांसमोर कोणी कागद ठेवला, तर अंगठा उठण्यापूर्वीं तो अक्षर न अक्षर वाचून त्यांस समजावून सांगणें, आणि त्यांत आपलें दलालीचें बोट न बुडविणें, एवढें नववीच्या मुलासही करतां येतें. ज्याच्या घरीं दुकान आहे, त्यानें वजनाचा कांटा पाहुण्यासाठीं एक व गांवकऱ्यासाठीं एक असा ठेवूं नये. रविवारीं पाहुणे टाकून गेलेला कचरा सोमवारीं उचलणाऱ्या बाईस, ती रस्त्यांत भेटली असतां, "मावशी" म्हणून नमस्कार करावा. आणि तेवढ्यावर न थांबतां, निदान आपल्या हातचा कचरा तिच्या पाटींत पडणार नाहीं असें वागावें. ह्या गोष्टी लहान आहेत हें मी जाणतों. अरामी सेनापति नामान ह्याच्या घरीं बंदिवान म्हणून आणलेल्या एका लहान मुलीनें आपल्या शत्रूस बरें होण्याची वाट सांगितली. शास्त्रांत तिचें नांवही दिलेलें नाहीं. तिला कोणत्या मंडळीनें पाठविलें होतें? दुर्दैवानें तिला तेथें आणून टाकलें होतें. आणि तरीही ती पाठविलेलीच होती.

मंगळवारच्या उपासनेविषयीं मंडळी विचार करीत आहे. तोंपर्यंत माझ्या घरच्या ओसरीवर रात्रीं साडेनऊ वाजतां बसण्याचें ठरलें. पहिल्या मंगळवारीं आम्ही तिघेच होतों : एक रिक्षाचालक, मी, आणि तो. पाऊस इतका होता कीं पत्र्यावरील आवाजापुढें बोललेलें ऐकूं येईना. तेव्हां प्रार्थनेआधीं गाणेंच म्हणावें असें ठरलें. गाणें त्यानें सांगितलें. भांड्यांच्या राखेनें व साबणानें त्याचीं बोटें फुटलीं आहेत. आवाज मात्र पूर्वींसारखाच आहे.

म्हणून, मागच्या बांकावरील माझ्या बाळा, तुझ्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. बंगल्यास कुलूप लागलें, तें लागूं दे. पाठविणारा निवृत्त झालेला नाहीं. तूं ज्या घरीं जन्मलास, ज्या आळींत राहतोस, ज्या बांकावर बसतोस, आणि उद्यां ज्या कामावर उभा राहशील, तेथें तुझी पाठवणी झालेलीच आहे. तुझ्या हातांवरून लोकांनीं तुझें माहेर ओळखावें, एवढीच त्या दयाळु पित्यापाशीं प्रार्थना.